निघतो म्हणणारा डोंगर

डॉक्टर गाडी कायम उलटी लावायचे. डिकी भिंतीकडे, तोंड रस्त्याकडे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये तसंच, ग्रोसरीच्या दुकानासमोर तसंच, आणि कुणाच्या बारशाला गेले तरी त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये तसंच. खरा त्रास हा की त्यांना रिव्हर्स नीट यायचं नाही. थोडं मागे, थोडं पुढे, मग उतरून बघणार, मग पुन्हा आत बसणार. कॅनडात लोक सहसा हॉर्न वाजवत नाहीत. डॉक्टरांसाठी वाजवायचे.

"एकदा तरी सरळ लावा की हो," मी म्हणाले होते.

"येताना कोणाला घाई असते, सेक्रेटरीबाई? घाई जाताना असते."

स्क्वॉमिशमधल्या एका छोट्या कंपनीत आम्ही बरीच वर्षं बरोबर काम केलं. कंपनीचं काम उतार मोजण्याचं. कुठला डोंगर जागेवर आहे, कुठला हलतोय, आणि हलत असेल तर खालच्या रस्त्याचं, विजेच्या तारांचं, वस्तीचं काय करायचं. डॉक्टर तिथले सगळ्यांत ज्येष्ठ भूगर्भतज्ज्ञ, मूळचे नागपूरचे. मी पुण्याची, आणि माझा भूगर्भाशी संबंध बटाट्यापुरता. मी फील्ड कोऑर्डिनेटर. हेलिकॉप्टर कधी येणार, रेडिओ चार्ज झाले का, दोर कुणाकडे, सँडविच कुणाचं व्हेज, हे सगळं माझ्याकडे. मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही. माझ्या यादीत नसलेला माणूस डोंगरावर जात नसे, आणि यादीतला शेवटचा माणूस खाली उतरल्याशिवाय मी घरी जात नसे. याच गुणामुळे सरे आणि बर्नाबी या आसपासच्या शहरांतल्या लोकांनी मला आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी केलं. दोन्हीकडे मी याद्या करते हे बघून डॉक्टर मला दोन्हीकडे "सेक्रेटरीबाई"च म्हणायला लागले.

त्यांची डॉक्टरकी दगडांची. मंडळात मात्र हे कुणी लक्षात ठेवलं नाही. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईवडील त्यांना कोपऱ्यात गाठायचे. एकदा एका काकूंनी साडी वर घेऊन सुजलेला गुडघाच दाखवला. डॉक्टरांनी चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "आत पाणी साचलंय. निचरा करून घ्या." पुढच्या आठवड्यात खऱ्या डॉक्टरनं तेच सांगितलं आणि सुई घालून पाणी काढलं. काकूंनी त्यांना बेसनाचे लाडू पाठवले. "माझं एवढंच शास्त्र आहे," लाडू खात ते मला म्हणाले. "कुठंही काही घसरून राहिलं असेल, तर आधी पाणी शोधायचं."

ते माती खायचे हेही सांगून टाकते, कारण नवीन माणूस ऑफिसात आला की पहिला प्रश्न तोच असायचा. खायचे म्हणजे चिमूटभर दातांमध्ये धरायचे. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. मग रुमालात थुंकायचे, आणि तो रुमाल माझ्या टेबलावर ठेवायचे. त्याला मी वेगळी बादली आणून ठेवली आणि वर चिठ्ठी लावली. चिठ्ठी त्यांनी कधी वाचली नाही.

आमचं बहुतेक काम एका झोपलेल्या ज्वालामुखीभोवती चालायचं. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक पुढच्या शनिवारी मुलं आणि ड्रोन घेऊन तिथे पोचतात. पहिल्यांदा मी तो पाहिला तेव्हा मला सुंदरच वाटला. वर बर्फ, खाली देवदारांचं जंगल, मधून पांढराशुभ्र ओढा.

"झोपलेलाच आहे ना?" मी विचारलं.

"झोपलेला माणूसच कुशीवर वळतो," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी खिशातून एक दगड काढून माझ्या हातात दिला. पिवळट, पांढरा, दिसायला भक्कम. मी बोटांनी दाबला आणि तो भाकरीसारखा तुटला. त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही लोकांना तसंच समजावते. ज्वालामुखी म्हणजे घाईत बांधलेली इमारत. एक थर लाव्ह्याचा, कडक. त्यावर एक थर राखेचा, सुटा. पुन्हा लाव्हा, पुन्हा राख, आणि हे सगळे थर बाहेरच्या बाजूला कललेले, म्हणजे घसरायला आधीच सोईचे. त्यात आत उष्णता असते. गरम, आंबट पाणी आणि वाफा वर्षानुवर्षं दगडात मुरतात आणि दगडाची चिकणमाती होते. वाळवी लागलेल्या दारासारखं. रंग शाबूत, आत भुसा. पायथ्याशी बर्फाची नदी. ती डोंगराचा पाय कोरतही असते आणि त्याला टेकूही देत असते. उन्हाळे कडक व्हायला लागले, बर्फ मागे सरकला, की तो टेकू जातो. वर वितळलेलं पाणी भेगांत शिरतं. एवढं झालं की लाव्हा उफाळायची गरजच नसते. लोक धूर दिसतोय का बघत बसतात, आणि डोंगर तोपर्यंत थंडपणे खाली येतो.

"म्हणजे अचानक कोसळतो?"

"अचानक?" त्यांना हा शब्द आवडायचा नाही. "अरे बाप्पा! डोंगर अचानक कधीच जात नाही. तो मराठी माणसासारखा निघतो."

हे त्यांचं सगळ्यांत आवडतं प्रतिपादन, आणि ते त्यांनी एकदा इंग्रजीतून जाहीर सभेत मांडलं. डोंगराखालच्या खोऱ्यातल्या गावाच्या कम्युनिटी हॉलमध्ये लोकांना दरडीची लक्षणं समजावून सांगायची होती. कंपनीनं स्लाइड्स बनवून दिल्या होत्या, त्यात बाण होते, आलेख होते. डॉक्टरांनी दुसऱ्या स्लाइडला लॅपटॉप बंद केला. मी मागच्या रांगेत बसले होते. आता काय होणार हे मला कळलं आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

"माझ्या देशात," डॉक्टर म्हणाले, "पाहुणा कसा निघतो ते सांगतो. आधी तो म्हणतो, चला, निघतो. आणि बसून राहतो. डोंगराच्या वरच्या अंगाला भेगा पडतात, ते हे. मग तो उठतो आणि उठून बोलत उभा राहतो. ह्याला पायथा फुगणं म्हणायचं. मग दारात जातो. एक बूट घालतो, दुसरा हातात धरतो आणि त्याला नवीन विषय सुचतो. आता वरून सुटे दगड पडायला लागतात. मग तो गाडीत बसतो आणि काच खाली करून बोलतो. म्हणजे ओढ्याच्या पाण्याचं काहीतरी बिनसतं. ते गढूळ होतं, नाहीतर कमी होतं. आणि मग तुम्ही घरात जायला वळता न वळता तोच गाडी गेलेली असते."

समोर हॉलमध्ये शेतकरी, लाकूडतोडे, घोडे पाळणारे लोक. सगळे हाताची घडी घालून.

"अडचण काय आहे," डॉक्टर म्हणाले, "की ह्यातल्या कुठल्याही टप्प्यावरून पाहुणा परत आत येऊन चहा घेऊ शकतो. काही डोंगर वर्षानुवर्षं एक बूट घालून दारात उभे आहेत. म्हणून घाबरायचं नाही. पण पाठ फिरवायची नाही."

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंनी हात वर केला. "माझी नणंद अशीच निघते," त्या म्हणाल्या. आणि अख्खा हॉल हसायला लागला. कंपनीच्या साहेबांना स्लाइड्सचं वाईट वाटलं, पण त्यानंतर त्या खोऱ्यातून आमच्याकडे खरे, कामाचे फोन यायला लागले. "डॉकला सांगा, उत्तरेकडच्या कड्यानं बूट घातलाय. सकाळपासून दगड पडतायत." मी तारीख, वेळ, ठिकाण लिहून घ्यायचे आणि शेराही तसाच लिहायचे, बूट घातला.

गंमत म्हणजे डॉक्टर स्वतः कधीच असे निघायचे नाहीत. कुणाच्याही घरी गेले की जेवायचे, बोलायचे, आणि मध्येच, वाक्य अर्धवट सोडून उठायचे. "येतो." बूट, दार, गाडी, गेले. यजमान हातात पानसुपारी किंवा आइस्क्रीमची वाटी घेऊन उभे. पहिल्यांदा लोकांना वाटायचं की आपलं काहीतरी चुकलं. मी त्यांना बजावून सांगितलं की हा अपमान नाही, सवय आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "दिवसभर तेच बघतो हो. संध्याकाळी स्वतः करवत नाही."

मंडळात मात्र त्यांची खरी प्रसिद्धी झाली ती फसलेल्या हाकेमुळे. आमच्या वसंतातल्या हाइकला झऱ्याचं पाणी गढूळ दिसलं म्हणून डॉक्टर ओरडले आणि त्यांनी सगळ्यांना अर्ध्या वाटेवरून परत फिरवलं. लहान मुलं रडली, भेळेचं सामान तसंच परत गेलं. काही झालं नाही. नंतर कळलं की वर रस्तादुरुस्तीचं एक मशीन ओढा ओलांडून गेलं होतं, त्यामुळे पाणी ढवळलं होतं. मंडळाचे अध्यक्ष मुंबईचे, सॉफ्टवेअरमधले, आवाज मोठा, मन चांगलं, पण विनोद हातून सुटला की थांबत नाही असे. त्यांनी गणपतीत स्टेजवरून जाहीर केलं, "आरतीनंतर कृपया दरड कोसळेल!" तेव्हापासून डॉक्टर खोलीत आले की कुणीतरी हळूच टेबल हलवायचं.

डॉक्टर हसायचे. पण एकदा ऑफिसात चहा घेताना म्हणाले, "सेक्रेटरीबाई, न पडलेल्या दरडीचा पुरावा देता येत नाही. प्रत्येक माणसाकडे ओरडायला दोन-तीनच शब्द असतात. मी एक खर्चून बसलो. पुढच्या वेळी मी ओरडलो ना, तर हे लोक आधी खो खो हसतील, मग मतदान घेतील. आणि पुढची वेळ खरी असली तर?"

मी म्हटलं, "तर मी आहे ना."

"तुमच्या यादीला कोणी घाबरत नाही," ते म्हणाले. हे खोटं होतं, पण मी वाद घातला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सहल ठरवायची वेळ आली. अध्यक्षांना नेमकी त्याच ज्वालामुखीच्या पायथ्याची एक सपाट जागा आवडली होती. ओढ्याकाठची, वाळूची, मुलांना खेळायला ऐसपैस. डॉक्टर मीटिंगला होते.

"तिथं नको," ते म्हणाले. "वरचा जुना लाकूडतोडीचा माळ आहे ना, टेकाडावरचा, तो घ्या."

"का हो डॉक्टर?"

"सपाट जागा आपोआप सपाट होत नाही. कोणीतरी आधी येऊन ती भरून गेलेलं असतं."

"वर वॉशरूम आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

वर वॉशरूम नव्हती. खाली होती, स्वच्छ होती, आणि मराठी मंडळाची कुठलीही सहल शेवटी वॉशरूमवर ठरते. जागा लोकांसाठी खुली होती, कुठलीही सूचना लागलेली नव्हती, हे मी स्वतः फोन करून विचारलं होतं. डॉक्टरांनाही त्या दिवसापुरतं ठाम काही सांगता येत नव्हतं. खालची जागा ठरली.

सहलीचा दिवस भयंकर गरम होता. आठवडाभर तसंच ऊन होतं. मिसळीचं मोठं पातेलं गॅसवर, पावांच्या पिशव्या सावलीत, व्हॉलीबॉलची जाळी बांधलेली, अध्यक्षांचा स्पीकर सुरू. डॉक्टर सगळ्यांच्या नंतर आले आणि सगळ्यांसमोर मागे-पुढे करत गाडी उलटी लावली. माझी मुलगी शेजारी उभी होती. "मॉम, ही इज सो वीअर्ड," ती म्हणाली. "पण क्यूट वीअर्ड."

मग डॉक्टर अंताक्षरी सोडून ओढ्याकडे गेले, पाण्याच्या कडेला एक काडी रोवली आणि तिच्याकडे बघत दगडावर बसले. येणारेजाणारे त्यांना हाका मारत होते. "डॉक्टर, मासा लागला का?" ते हात हलवायचे.

जेवण वाढायच्या थोडं आधी ते माझ्याकडे आले. चालणं नेहमीचं, सावकाश. चेहरा नेहमीचा नव्हता.

"पाणी कमी होऊन राहिलं."

"बरंच आहे की. मुलं खेळतील."

"सेक्रेटरीबाई, भर दुपारी, ह्या उन्हात, वर बर्फ वितळून राहिला. पाणी वाढायला पाहिजे. कमी काहून होईल?"

मी काडीकडे पाहिलं. पाणी तिच्यापासून चांगलं दूर सरकलं होतं. मधले दगड ओले चकाकत होते.

"वर अडलंय," ते म्हणाले. "काहीतरी खाली येऊन ओढ्यात आडवं पडलंय. मागे तळं भरून राहिलं असेल. ते फुटलं की सगळं इथून जाणार. कधी, ते नाही सांगता येत. पण पाहुण्यानं काच खाली केली आहे."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते माइकवर खर्ज लावत होते. डॉक्टरांनीही तिकडेच पाहिलं.

"मी ओरडलो तर?" त्यांनी विचारलं.

दोघांनाही उत्तर माहीत होतं. आधी हशा. मग टेबल हलवणं. मग "डॉक्टर, जेवून तरी घेऊ." मग डबे शोधणं, कुणाचं झाकण कुठलं यावर चर्चा, मग ग्रुप फोटो, मग गाड्यांपाशी उभं राहून "पुन्हा भेटू या हं नक्की." आमचे लोक कुठूनही निघायला जेवढा वेळ लावतात तेवढा वेळ त्या ओढ्याकडे नव्हता.

 डॉक्टरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, गॅस बंद केला आणि मिसळीच्या पातेल्याचा एक कान धरला.

"दुसरा कान धरा," ते म्हणाले.

मी धरला. काही विचारलं नाही. पातेलं त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. मग पावांच्या पिशव्या, फरसाण, कांदा, चहाचा थर्मास. आणि शेवटी डॉक्टरांनी मुलांच्या हातातला व्हॉलीबॉलही घेतला आणि गाडीत टाकला. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. एका दमात ती टेकाडाकडे निघाली, आणि मी माझा सेक्रेटरीचा आवाज लावला.

"जेवण वर आहे! माळावर! गरम आहे तोवर चला!"

"वर कशाला?"

"व्ह्यू चांगला आहे!"

"अहो, पण वॉशरूम..."

"तर्री संपली की मग म्हणू नका!"

मी माझ्या लोकांना ओळखते. दरड येतेय म्हटल्यावर जे जागचे हलले नसते ते तर्री संपेल म्हटल्यावर चपला शोधायला लागले. काकू सुजलेल्या गुडघ्याच्या असोत की बऱ्या, सगळ्या गाड्यांमध्ये बसल्या. बाबागाड्या घडी झाल्या. माझ्या मुलीनं लहान मुलांना मोजून गाड्यांत कोंबलं. हा गुण कुणाचा ते सांगायला नको. मी ऑफिसच्या सॅटेलाइट फोनवरून खालच्या गावाला आणि रस्त्याच्या लोकांना पाणी अडल्याचं कळवलं. डॉक्टर पातेलं वर ठेवून लगेच परत खाली आले, कारण पलीकडे कॅम्पर व्हॅनमध्ये एक गोरं जोडपं होतं. त्यांना त्यांनी सरळ, खरं ते सांगितलं. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, खुर्च्या तिथेच टाकल्या आणि निघून गेले. चहा नाही, फोटो नाही. डॉक्टर त्यांच्या गाडीकडे बघत राहिले. "कसे निघतात बघा," ते कौतुकानं म्हणाले.

खाली फक्त अध्यक्ष उरले होते. स्पीकरची वायर गुंडाळत होते. एक वायर, मग दुसरी. नीट, वर्तुळ करून.

"अध्यक्ष, राहू द्या ते!" मी ओरडले.

"महागाचा आहे हो स्पीकर! तुम्ही व्हा पुढे!"

डॉक्टर त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं आता हे त्यांचा उरलेला शब्द खर्च करणार. ते म्हणाले, "अध्यक्षसाहेब, वर पुण्याच्या मंडळींनी तर्रीत गूळ घालायला काढलाय."

"काय?"

"मी नागपूरचा, माझं कोणी ऐकून नाही राहिलं. तुम्हीच काहीतरी बोला."

अध्यक्षांनी वायर टाकली. "ह्या पुणेकरांना ना..." म्हणत ते जे पळाले, ते थेट डॉक्टरांच्या गाडीत जाऊन बसले. गूळ कुणीच घालत नव्हतं. मी एकटी पुणेकर, आणि मी खाली उभी होते. हा आरोप मी आजतागायत सहन करते.

वर माळावर वारा होता, सावली नव्हती, बसायला ओंडके. लोक कुरकुरत होते. "काय हो सेक्रेटरी, हा कसला व्ह्यू, नुसते तोडलेले बुंधे." मी मिसळ वाढत होते आणि डोक्यांची यादी करत होते. सगळे होते. अध्यक्ष चव घेऊन म्हणाले, "गूळ लागत नाहीये पण."

तेव्हा आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाटं सरकवावीत तसा. आधी हळू, मग कपाटं वाढली. पायाखालची जमीन किंचित थरथरली आणि हवेला ओल्या मातीचा वास आला. सगळे उठून टेकाडाच्या कडेला गेले. खालचा ओढा आता पाण्याचा नव्हता. राखाडी, दाट, काँक्रीटसारखा, आणि त्याच्या पुढच्या फुगवट्यावर अख्खी झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी उभी-आडवी होत होती. तो सपाट जागेवर आला, पसरला, आणि आमची जाळी, त्या जोडप्याच्या खुर्च्या, वॉशरूम, अध्यक्षांचा स्पीकर, सगळं घेऊन पुढे गेला. फार वेळ लागला नाही. खालची जागा पुन्हा सपाट झाली होती.

सगळ्यांच्या हातात वाट्या तशाच. एक बाळ रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला इतकं घट्ट धरलं की ते अजून रडलं.

अध्यक्ष डॉक्टरांकडे वळले. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"मग सांगायचं ना, राव!"

"सांगितलं असतं तर तुम्ही निघाला असता," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्ही निघाला असता म्हणजे अजून खालीच असता."

पहिल्यांदा एक काकू हसल्या. मग सगळे. हसता हसता दोघीतिघी रडल्या. अध्यक्षांनी डॉक्टरांना मिठी मारली आणि सोडेचनात. डॉक्टरांना मिठीची सवय नाही, ते हातातली वाटी सांडू नये म्हणून बाजूला धरून उभे होते. मग कुणीतरी मागून विचारलं, "पाव आहेत का अजून?"

खालच्या गावात तोवर लोक ओढ्यापासून दूर झाले होते. तिथे चिखल शेतांपर्यंत येऊन थांबला. संध्याकाळी त्या हॉलमधल्या म्हाताऱ्या बाईंचा ऑफिसला निरोप आला, "डॉकला सांगा, पाहुणे गेले. घर जागेवर आहे."

त्यानंतर मंडळात कुणी टेबल हलवलं नाही. आमच्या कार्यक्रमांना जाल तर पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या तोंड रस्त्याकडे करून लावलेल्या दिसतील. कुणी सांगितलेलं नाही. हॉलचा गोरा केअरटेकर समजतो की हा आमचा धार्मिक प्रकार आहे.

डॉक्टर निवृत्त झाले आणि मुलीकडे सस्काटूनला राहायला गेले. सस्काटून म्हणजे सपाट. क्षितिजापर्यंत गहू. आम्ही त्यांची खूप चेष्टा केली, की तिथे घसरायला फक्त बर्फावर माणसं मिळतील. पहिला महिनाभर ते फोनवर उदास होते. मग एक दिवस फोन आला, आवाज अगदी तरुण. "सेक्रेटरीबाई! इथं नदीचा काठ खचून राहिला! शहरात, घरांच्या मागे! सुंदर भेग आहे, तुम्ही या बघायला!" मुलीनं मागून विचारलं, "बाबा, तुमच्या तोंडात काय आहे?" मला माहीत होतं काय आहे.

पण मला लिहायचंय ते डॉक्टर निघाले त्या दिवसाचं. जायच्या आधी ते आमच्या घरी जेवायला आले. गाडीत सगळं भरलेलं, मागच्या सीटवर दगडांची खोकी. जेवण झालं. मी मनाची तयारी करून बसले होते की आता अर्ध्या वाक्यात "येतो" येणार आणि ते जाणार.

"चला, निघतो," डॉक्टर म्हणाले. आणि बसून राहिले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. मग ते उठले, आणि आमच्या भिंतीवरचा घड्याळाचा खिळा सैल आहे याबद्दल उभ्यानं बरंच काही बोलले. मग दारात गेले. एक बूट घातला. दुसरा हातात धरला आणि माझ्या मुलीला कॉलेजचं विचारायला लागले. ते विचारून झालं तेव्हा तळघरातल्या ओलीचं विचारलं. ते झालं तेव्हा काहीच उरलं नाही, तरी ते तसेच उभे, बुटाच्या नाडीकडे बघत. माझी मुलगी माझ्या कानात म्हणाली, "मॉम, डू समथिंग."

मी आत गेले. उरलेल्या मिसळीचा डबा भरला, झाकण घट्ट लावलं, त्यांच्या शेजारून बाहेर गेले आणि तो त्यांच्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. वळून पाहिलं तर डॉक्टर दारातून माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं.

"तर्री आहे?"

"आहे. गूळही घातलाय."

त्यांनी दुसरा बूट घातला आणि डब्यामागोमाग आले.

गाडीत बसून त्यांनी काच खाली केली. "येतो," म्हणाले. गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं. नवरा आणि मुलगी आत वळली. मी वळले नाही. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत मी गाडीकडे बघत उभी होते.